कोणाला काय ठाऊक आहे? ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ समजून वाचताना

बेळगावात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी मराठी पोरं आता बरीच आहेत. शाळा मराठीतून, कॉलेज इंग्रजीतून, बाजारात कानडी आणि रात्री मोबाइलवर मालिका. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका त्यांनी पाहिलेली असते. मग कुणीतरी सांगतं म्हणून मूळ पुस्तक उचलतात, आणि शंभर पानांच्या आत ते कपाटावर जाऊन बसतं. खानापूरहून रोज ये-जा करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, “काका, अर्धं पुस्तक झालं, ड्रॅगन कुठं हाय?” तिच्याबरोबरच्या मुलाची तक्रार वेगळी होती. “कुणाचा कोण लागतोय तेच कळंना बघा.”

दोन्ही तक्रारी रास्त आहेत. नावांचा गोंधळ मात्र शे-दीडशे पानांत मिटतो. खरी अडचण आहे ती गोष्ट सांगण्याच्या पद्धतीत, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. म्हणून हा लेख. पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड केल्या आहेत. नेड स्टार्कचं काय होतं हे ज्यांना अजून ठाऊक नाही त्यांनी इथेच थांबावं. असे लोक फार उरले नसावेत म्हणा.

आधी जुजबी माहिती. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी ऑगस्ट १९९६ मध्ये आली. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेतलं हे पहिलं पुस्तक. त्याआधी मार्टिन हॉलिवूडमध्ये टीव्हीसाठी लिहीत होते. तिथे त्यांना सतत ऐकावं लागे की पटकथा फार लांबली, फार खर्चिक झाली. शेवटी त्यांनी खर्चाचा विचारच करायचा नाही असं पुस्तक लिहायला घेतलं. तीन भागांची योजना होती, ती वाढत सातावर गेली. पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट पाहता पाहता टीव्हीवरची मालिका संपलीसुद्धा.

आता मुद्द्याचं. मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात आपल्याच भागातल्या माणसाने केली. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीत जन्मलेल्या रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. तेव्हापासून अशा कादंबऱ्यांत आपल्याला एका सांगणाऱ्याची सवय झाली आहे. तो किल्ल्याच्या आतही असतो आणि वेढा घालणाऱ्यांच्या छावणीतही. फितूर कोण हे तो योग्य वेळी आपल्या कानात सांगतो. मार्टिननी हा सांगणारा काढूनच टाकला. पुस्तकात एक प्रस्तावना आणि ७२ प्रकरणं आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका माणसाचं नाव असतं, आणि त्या प्रकरणात आपल्याला तेवढंच कळतं जेवढं त्या माणसाला दिसतं, ऐकू येतं आणि समजतं. समजतं हे महत्त्वाचं. त्याचा गैरसमज झाला तर तो दुरुस्त करायला कुणी येत नाही.

अशी माणसं आठ. उत्तरेचा सरदार नेड स्टार्क याला १५ प्रकरणं मिळाली आहेत, त्याची बायको कॅटलिन हिला ११, पदच्युत राजघराण्यातल्या डेनेरिसला १०, नेडचा अनौरस मुलगा जॉन स्नो आणि राणीचा भाऊ टिरियन लॅनिस्टर यांना प्रत्येकी ९, आणि नेडच्याच मुलांपैकी ब्रॅनला ७, सान्साला ६ आणि आर्याला ५. या यादीत कोण नाही ते बघा. राजा रॉबर्ट नाही. राणी सर्सी नाही. खजिना सांभाळणारा लिटलफिंगर नाही, हेरांचा म्होरक्या व्हॅरिस नाही. ज्यांना खरी बातमी ठाऊक आहे, त्यांतल्या एकाच्याही डोक्यात लेखक आपल्याला शिरू देत नाही. उलट आठांपैकी पाच जण चौदा किंवा त्याहून कमी वयाची मुलं आहेत. ब्रॅन तर सात वर्षांचा. दरबारातलं सगळ्यांत घाणेरडं राजकारण आपण पोरांच्या आणि बाहेरच्यांच्या नजरेतून बघतो. ही गडद कथा म्हणतात ती रक्तामुळे, असा समज आहे. मला विचाराल तर रक्त दुय्यम. अंगावर काटा येतो तो आपल्याला एक गोष्ट ठाऊक असते आणि समोरच्या माणसाला ती ठाऊक नसते म्हणून.

पहिली वीस-पंचवीस पानंच घ्या. उत्तरेला बर्फाची एक प्रचंड भिंत आहे, सुमारे सातशे फूट उंच आणि तीनशे मैल लांब. तिच्यावर पहारा देणारं दल म्हणजे नाइट्स वॉच. प्रस्तावनेत या दलाचे तिघे भिंतीपलीकडच्या जंगलात जातात. दोघे मरतात, आणि कशाने मरतात ते आपण विल नावाच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांनी बघतो. मेलेला माणूस निळे डोळे घेऊन उठतो. तिसरा, गॅरेड, घोड्यांपाशी थांबलेला म्हातारा. हिमदंशाने त्याचे दोन्ही कान, पायाची तीन बोटं आणि हाताचं एक बोट आधीच गेलेलं.

पान उलटलं की ब्रॅनचं प्रकरण. सात वर्षांचा हा मुलगा आज पहिल्यांदा वडिलांबरोबर एक शिक्षा बघायला निघालाय. दलातून पळून आलेल्या एका माणसाचं डोकं उडवायचं आहे. माणूस म्हातारा आहे, त्याला कान नाहीत. त्याचं नाव ब्रॅनला ठाऊक नाही आणि प्रकरणात कुठे येतही नाही. पण कान वाचले की आपल्या पोटात गोळा येतो, कारण हा गॅरेड आहे हे फक्त आपल्याला कळलेलं असतं. नेड त्याला प्रश्न विचारतो, पण त्यातलं फारसं ब्रॅनला नंतर आठवत नाही, त्यामुळे उत्तरं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. नेड न्यायी माणूस आहे. शिक्षा सुनावणाऱ्यानेच तलवार चालवावी असं मानणारा, म्हणून तो स्वतः वार करतो. मागाहून बायकोला सांगतो की बिचारा भीतीने अर्धा वेडा झाला होता, माझं बोलणं त्याच्यापर्यंत जातच नव्हतं. संपूर्ण राज्याला जो इशारा मिळायला हवा होता, त्याचा एकमेव साक्षीदार राज्यातल्या सगळ्यांत प्रामाणिक माणसाने कायद्याप्रमाणे मारून टाकला. कुणी दुष्टपणा केला नाही. पुस्तकाची रीत काय आहे हे इथेच ठरून जातं. बहुतेक वाचक हे पान सरळ ओलांडून जातात, कारण ते अजून नावं पाठ करत असतात.

हीच युक्ती पुढे मोठ्या प्रमाणावर येते. ब्रॅनला मनोऱ्यावरून ढकललं जातं. नंतर त्याला मारायला एक जण खंजीर घेऊन येतो. खंजीर भारी, मूठ हाडाची, असल्या भुरट्याकडे कुठून आला? कॅटलिन तो घेऊन राजधानीत जाते. तिथे लिटलफिंगर, तिचा लहानपणचा सोबती, सांगतो की हा माझाच होता, टिरियनबरोबर पैजेत हरलो. कॅटलिन विश्वास ठेवते. आपणही ठेवतो, कारण त्या वेळी आपण तिच्याच डोक्यात बसलेलो असतो. परतीच्या वाटेवर एका सराईत तिला टिरियन भेटतो आणि ती त्याला कैद करते. थोड्याच प्रकरणांनंतर आपण टिरियनच्या डोक्यात असतो, आणि या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नाही हे दिसू लागतं. तो कॅटलिनला एवढंच सांगतो की मी आपल्या घरच्या माणसाच्या विरुद्ध कधी पैज लावत नाही. पैजेची गोष्ट तर अशी होती की टिरियनने स्वतःच्या भावाच्या विरुद्ध पैसे लावले होते. म्हणजे कुणीतरी खोटं बोललं. तोवर स्टार्क आणि लॅनिस्टर या दोन्ही घराण्यांची माणसं तलवारी उपसून रस्त्यावर आलेली असतात. या युद्धाच्या बुडाशी एक थाप आहे, आणि ती कुणी व का मारली हे या पुस्तकात शेवटपर्यंत कुणी समजावून सांगत नाही.

त्या सराईतला प्रसंग दोनदा वाचावा असा आहे. कॅटलिनबरोबर फौज नाही. ती उठून उभी राहते आणि बसलेल्या शिपायांच्या अंगरख्यांवरची चिन्हं बघत एकेका टेबलाकडे वळते. काळं वटवाघूळ कुणाचं, तांबडा घोडा कुणाचा, दोन मनोरे कुणाचे, हे तिला पाठ आहे. तुमचा धनी माझ्या वडिलांचा इमानी आहे ना, असं ती प्रत्येकाला विचारते. सगळे होकार देतात. मग ती टिरियनकडे बोट दाखवते आणि त्याला धरा म्हणते. डझनभर तलवारी बाहेर येतात.

‘कुणाचा कोण लागतोय’ याचं उत्तर त्या खोलीत आहे. राजाखाली मोठी घराणी, त्यांच्याखाली मांडलिक सरदार, त्यांच्याखाली आणखी लहान. शिपाई राजाचा नसतो, आपल्या लगतच्या धन्याचा असतो. राजाचा ‘हँड’ म्हणजे आपल्या दृष्टीने त्याचा पेशवा, कारभार सगळा त्याच्या अंगावर. नेडला रॉबर्टने हेच पद दिलेलं असतं. आपल्या भागातल्या वाचकाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. इथे देसगती होत्या, देसाई होते. शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव ब्रिटिशांकडे, अशी अवस्था १९४७ पर्यंत होती. आणि कित्तूर तर तासाभराच्या वाटेवर.

कित्तूरचं उदाहरण जरा खोलात बघण्यासारखं आहे, कारण या कादंबरीचा कणाच त्याने समजतो. कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये वारले. पोटी मूल नव्हतं. शिवलिंगप्पा नावाच्या मुलाला दत्तक घेतल्याचं घराण्याने कळवलं. दत्तकाचा तो कागद खरा की मागाहून तयार केलेला, अशी शंका धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने काढली आणि दत्तक मानायला नकार दिला. पुढचं आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे कित्तूरसमोर मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, आणि राणी चन्नम्मा १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. गादीचा वारस कोण, हा प्रश्न रक्ताचा असतो, पण त्याचा निकाल दोन गोष्टींवर लागतो: कागदावर काय लिहिलंय, आणि तो कागद मानायचा की नाही हे ठरवण्याइतकी फौज कुणाकडे आहे.

आता नेडकडे या. राजा रॉबर्ट शिकारीत रानडुकराने फाडलेला, मरणाच्या दारात. नेडला तोवर कळून चुकलंय की राणीची तिन्ही मुलं राजाची नाहीत. हा शोध त्याला लागतो तो घराण्यांच्या वंशावळीच्या एका जाडजूड ग्रंथातून. राजाच्या बरॅथिअन घराण्यातली मुलं पिढ्यान् पिढ्या काळ्या केसांची आणि राणीची तिन्ही सोनेरी. मरणारा मित्र मृत्युपत्र सांगतोय आणि नेड लिहितोय. राजा म्हणतो, माझा मुलगा जॉफ्री. नेडची लेखणी लिहिते, माझा वारस. एवढाच फरक. राजाला तो कळत नाही, तो सही करतो. सरळमार्गी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने केलेली ही लबाडी आहे आणि ती त्याने दयेपोटी केली, मरणाऱ्याला दुःख नको म्हणून.

त्याआधी त्याने आणखी एक दया केलेली असते. राणीला एकटं गाठून तो सांगतो की मला सगळं कळलंय, मुलांना घेऊन पळून जा, नाहीतर राजा त्यांना मारेल. शत्रूला आपला डाव आधी सांगणं हा मूर्खपणा आहे असं म्हणणारे वाचक मला पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. नेडला लहान मुलांची प्रेतं बघायची नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीच्या बंडात त्याने ती बघितलेली आहेत, आणि त्याच्या प्रकरणांतून ती आठवण पुन्हा पुन्हा वर येते. त्याच्या डोक्यात बसून वाचलं तर त्याचं वागणं सरळ वाटतं. अडचण एवढीच की राणीच्या डोक्यात तो बसू शकत नाही. दरबारात तो कागद वाचला जातो, आणि राणी त्याचे तुकडे करते. शहराचे शिपाई नेडने आपल्या बाजूला वळवून ठेवलेले असतात, पण ते काम त्याने लिटलफिंगरवर सोपवलेलं असतं. बाकी सांगायला नको. आपल्याच मुलीने, सान्साने, राणीला जाऊन काय सांगितलं हे तर नेडला कळतही नाही. ते आपल्याला नंतर सान्साच्या प्रकरणात कळतं.

मार्टिननी हे सगळं हवेतून काढलेलं नाही. इंग्लंडमध्ये १४५५ ते १४८७ या काळात यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांत गादीसाठी चाललेल्या लढाया हा त्यांचा मोठा आधार. स्टार्क आणि लॅनिस्टर ही नावंही त्याच वळणाची. बर्फाची भिंत सुचली ती ब्रिटनमधली रोमनांची हेड्रियनची भिंत पाहून.

ऋतूंबद्दल थोडक्यात. त्या जगात ऋतू वर्षानुवर्षं चालतात. गोष्ट सुरू होते तेव्हा उन्हाळ्याचं नववं वर्ष चालू आहे. तो उन्हाळा आपल्या एप्रिल-मेसारखा समजू नका. तो सुगीचा काळ आहे, कणग्या भरायचा. हिवाळा म्हणजे कित्येक वर्षं पीक नाही. त्यामुळे लढाईत जळणाऱ्या प्रत्येक शेताचा हिशेब पुढे द्यावा लागणार, हे वाचकाला दिसतं आणि लढणाऱ्यांना दिसत नाही. भिंतीवरच्या दलात हजारभरसुद्धा माणसं उरलेली नाहीत, तीही बरीचशी चोर-दरोडेखोर.

मग ड्रॅगन कुठं हाय? अगदी शेवटच्या प्रकरणात. तोवर डेनेरिसची दहा प्रकरणं समुद्रापलीकडे वेगळीच चाललेली असतात, इतकी वेगळी की ती काढून ‘ब्लड ऑफ द ड्रॅगन’ नावाने लघुकादंबरी म्हणून छापली गेली आणि तिला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा १९९७ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ती प्रकरणं वाचताना ‘हे इथे कशाला?’ असं वाटतं. दुवा एकच आहे, पण भक्कम आहे. पदच्युत घराण्यातली ही मुलगी गरोदर असल्याची बातमी रॉबर्टला मिळते. उद्या तिचा नवरा घोडेस्वारांची फौज घेऊन येईल या धास्तीने तो तिला मारायचा हुकूम देतो. नेड विरोध करतो, पद सोडतो. विष घातलेली दारू डेनेरिसपर्यंत पोचते, बेत फसतो. तोवर समुद्र ओलांडायला राजी नसलेला तिचा नवरा खाल ड्रोगो संतापून शपथ घेतो की आता मी येणारच. ज्या हल्ल्याच्या भीतीने हुकूम दिला, तो हल्ला हुकुमामुळेच ठरला. मरताना रॉबर्टला पश्चात्ताप होतो, हुकूम मागे घ्या म्हणतो. पण निरोप समुद्रापलीकडे गेलेला असतो. या जगात बातमी कावळ्याच्या पंखांवर आणि जहाजावर चालते, आणि नेहमी उशिरा पोचते.

नेडच्या मृत्यूकडे या नजरेने बघा. त्याचं शेवटचं प्रकरण अंधारकोठडीत संपतं. खोटा कबुलीजबाब देऊन मुलींचा जीव वाचव, असं व्हॅरिस त्याला सांगतो. नेड काय ठरवतो ते आपल्याला त्याच्या तोंडून कळत नाही. पुढे चौकात गर्दी जमते तेव्हा आपण आर्याच्या डोक्यात आहोत. नऊ वर्षांची मुलगी पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढून बघते, वडील राजद्रोह कबूल करताना ऐकते, आणि तिला त्याचा अर्थ लागत नाही. मग ती धावत सुटते. ओळखीचा एक माणूस तिला पकडून चेहरा आपल्या अंगाशी दाबून धरतो. तलवार पडताना तिला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. फक्त गर्दीचा एक आवाज येतो. मालिकेत कॅमेरा फिरू शकतो, आर्यापासून सुटून नेडकडे जाऊ शकतो. पुस्तकात आपण त्या मुलीबरोबर अडकलेलो असतो. पंधरा प्रकरणं ज्याच्या डोक्यात राहिलो त्याला निरोप द्यायलाही मिळत नाही.

हे पुस्तक सगळ्यांना द्यावं असं मात्र नाही. डेनेरिसचं लग्न होतं तेव्हा ती तेरा वर्षांची आहे आणि त्यानंतरचे प्रसंग मार्टिन आडून सांगत नाहीत. मालिकेत मुलांची वयं वाढवली आहेत, पुस्तकात नाहीत. तो भाग मला आजही खटकतो. मध्ययुगात असंच असायचं हे उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण हे मध्ययुग लेखकानेच बनवलेलं आहे. शाळकरी मुलांच्या हाती तर देऊच नये.

वाचायचं ठरवलंच असेल तर दोन गोष्टी कराव्यात. पुस्तकाच्या शेवटी घराण्यांची यादी दिलेली असते, तिथे एक खूण घालून ठेवा, म्हणजे ‘कोण कोणाचा’ यासाठी मोबाइल उघडावा लागणार नाही. मोबाइल उघडला की पुढच्या चार पुस्तकांतली मरणं आधीच कळतात. आणि प्रत्येक प्रकरण संपलं की क्षणभर थांबून बघा की या माणसाला आत्ता काय ठाऊक नाही. नेडच्या प्रकरणांत हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

पहिलं पुस्तक वाचून थांबता येतं का, असं बरेच जण विचारतात. गोष्ट तिथे संपत नाही; नेडचा थोरला मुलगा रॉब स्टार्क नुकताच उत्तरेचा राजा झालेला असतो आणि युद्ध रंगात आलेलं असतं. तरी बर्फातल्या मेलेल्या माणसांनी सुरू झालेलं पुस्तक आगीतून निघालेल्या तीन ड्रॅगनांवर थांबतं, हा तुकडा पुरेसा गोल आहे. माझा सल्ला, तिसऱ्या भागापर्यंत जा. चौथ्या-पाचव्याची घाई करू नका, कारण सहावा अजून यायचाय.